बारा वाव आणि वर दोन

४ डिसेंबर

चि. बारकी,

ओला दोर होडीच्या काठावरून खाली जातो तेव्हा एक आवाज होतो. ओल्या फडक्याने फळा पुसताना होतो ना, तसा. दबका, लांबट, मध्येच दम घेतल्यासारखा. आज सकाळी दाढी करताना तो आवाज कानात आला आणि वस्तरा गालावर तसाच राहिला.

अठ्ठेचाळीस वर्षं झाली मला समुद्र सोडून. इथून तो दोन दिवसांच्या वाटेवर आहे. या गावात पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळी तासभर. तरी थंडी पडली की वर्षातून एकदा तो आवाज येतो आणि मग मी तुला पत्र लिहायला बसतो, हे एव्हाना तुझ्याही लक्षात आलं असेल.

तुझ्या बाबांना, माझ्या दाजींना, अक्षर म्हणून ओळखता येत नव्हतं. पण कविता पाठ होती. मी शाळेच्या पुस्तकातली ती समुद्राची कविता घोकायचो आणि ते शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. माझ्याआधी त्यांची पाठ झाली. पुढे गळाचा दोर सोडताना ते आकडे मोजत नसत, कविता म्हणत. दोन्ही हात पसरले की एक वाव, आणि एका ओळीला एक वाव दोर. "आकड्याला चव नाही मास्तर," म्हणायचे. "आकडा मध्येच हरवतो. ओळ हरवत नाही." मी तेव्हा मास्तर झालोही नव्हतो, पण त्यांनी मला दहाव्या वर्षापासूनच मास्तर करून टाकलं होतं.

ताईचे गुडघे कसे आहेत? आणि तांबोशी मासळी आली का खडकांवर? सवडीने लिही.

तुझा मामा

११ डिसेंबर

ती. मामा, नमस्कार.

दाढी नीट करत जा. गाल कापून घ्याल आणि नाव समुद्राचं घ्याल.

तांबोशी आली आहे. पाणी गार झालं की ती खोलातून निघून किनाऱ्याजवळच्या खडकांवर येते, दरवर्षीसारखी. मी रोज सकाळी एकटीच होडी काढते. आमिषाला माकुळाचे तुकडे गळाला लावते आणि दुपारच्या आत परत येते. चौपन्नाव्या वर्षी एकटी बाई होडी काढते म्हणून धक्क्यावरचे पुरुष अजूनही माना वळवतात. वळवू देत, व्यायाम होतो.

लिहायचं होतं ते वेगळंच. आईच्या घराची खालची पायरी समुद्राने नेली. समुद्राकडच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे. ३० जानेवारीला वर्षातली सगळ्यात मोठी भरती आहे. त्याआधी घर रिकामं करा, अशी बंदर कचेरीची नोटीस लागली आहे. माझ्या वरच्या आळीतल्या दोन खोल्या तयार आहेत, पण आई हलायला तयार नाही. "यायचं ते आल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही," एवढंच म्हणते. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून हेच ऐकते आहे. अजून बाबांची वाट बघते ती. तिच्यासकट ते घर पाण्यात जाईल आणि मी धक्क्यावर उभी राहून बघत बसेन, हे मला दिसतं आहे.

म्हणून ठरवलं आहे. बाबा शेवटचे जिथे गेले ती जागा शोधायची आणि तिला सांगायचं, की हे बघ, इथे संपलं, आता चल. त्या दिवशी तुम्ही ट्रेनिंग कॉलेजात होतात, ते माहीत आहे. पण त्याआधी तुम्ही त्यांच्याबरोबर जायचात. थंडीतला त्यांचा खडक कुठला? त्याच्या खुणा त्यांनी कोणाला सांगितल्या नव्हत्या. तुम्हाला सांगितल्या असतील.

बारकी

१८ डिसेंबर

चि. बारकी,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. उत्तर द्यावं की नाही ते ठरत नव्हतं. पण भिंतीच्या भेगेचं वाचलं आणि राहवलं नाही.

लिहून घे. दीपगृह आणि त्यामागच्या टेकडीवरचं एकटं झाड एका रेषेत आण. ती रेष न सोडता उत्तरेला सरकत जा. बर्फाच्या कारखान्याची चिमणी जुन्या धक्क्याच्या टोकावर येऊन बसली की थांब. तिथे खाली खडक आहे, बारा वावांवर. लांब नाही. ताईने पायरीवर भांडं आपटलं तरी होडीत ऐकू यायचं. मधल्या चिरेत तांबोशी असते, दुपारच्या उन्हात लालबुंद दिसते. शाळेच्या पुस्तकात लाल रंगाला जे जे शब्द होते ते सगळे मी त्या माशावर खर्च केले होते.

एक सांगतो ते ऐक. हवा स्वच्छ असेल तरच जा. त्या दिवशीसारखं धुकं पडलं तर घरी बस. वल्ह्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं इतकं दाट होतं ते.

ताईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा मामा

२७ डिसेंबर

ती. मामा,

जागा सापडली. चिमणी पाडून वीस वर्षं झाली. पण ती कुठे होती ते कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीने दाखवलं. तिथे बांबूला फडकं बांधून उभं करून आले. परवा ऊन होतं, वारा नव्हता. होडी स्थिर करून गळ सोडला आणि बाबांसारखीच कविता म्हणत मोजायला लागले. त्यांच्या मांडीवर बसून शिकले होते ती. सहा कडवी, दोन-दोन ओळींची. बारा ओळी, बारा वाव.

आता मी लिहिते ते वाचून हसू नका.

चार कडवी झाली, आठ वाव दोर गेला. पाचव्याला तोंड उघडणार एवढ्यात दोर माझ्या हातातून आपला आपणच जायला लागला. मासा ओढतो तसा हिसका नाही. कोणी खालून हात पसरून शांतपणे वाव मोजून घ्यावा तसा. एक वाव गेला, थोडा थांबला. दुसरा गेला आणि थांबला. मग मी म्हणायला लागले तसा माझ्याबरोबर, ओळीला एक वाव, शेवटपर्यंत गेला. टोकाचं शिसं तळाला टेकलं तेव्हा चौदा वाव बाहेर होते.

गळ वर घेतला. आमिष जसंच्या तसं होतं. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चौथ्या कडव्यानंतर मुद्दाम गप्प राहिले. दोन वाव गेले, दोर थांबला आणि तसाच थांबून राहिला. कुठलाही ताण नव्हता. मामा, खरं सांगते, मला वाटलं खाली कोणीतरी माझ्या पुढच्या ओळीची वाट बघतं आहे. मी ती म्हटली नाही. गळ गुंडाळला आणि परत आले. एकही मासा नाही.

आणि अजून एक. धुकं किती दाट होतं, वल्ह्याचं टोक दिसत होतं की नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही तर कॉलेजात होतात.

बारकी

३ जानेवारी

चि. बारकी,

पाण्याला दोन थर असतात. वरचं एकीकडे जातं आणि तळाचं दुसरीकडे. दोराला पोट पडतं आणि बारा वावांच्या पाण्यात चौदा वाव सहज जातात. मास्तरकीत मी हे मुलांना बादलीत शाई टाकून दाखवलं आहे. यात दुसरं काही शोधू नकोस.

धुक्याचं म्हणशील तर ताईने तेव्हा पत्रात लिहिलं असेल. इतक्या वर्षांनी कोणाचं काय आठवतं आणि आपलं काय, ते वेगळं करता येत नाही.

मात्र नक्की सांग, चौथ्या कडव्यानंतरच का? तिसऱ्यानंतर तर नाही? चुकून पाचव्यानंतर?

तिथे आता जाऊ नकोस. ताईला न्यायचा दुसरा काही उपाय काढू. डॉक्टरला सांगून बघ.

तुझा मामा

८ जानेवारी

मामा,

बादलीतली शाई बादलीतच राहू दे. मी नांगराच्या दोराला दर वावावर चिंधी बांधून पाणी मोजून आले. बाराच आहे. गळ मात्र अजून तीनदा चौदाच घेऊन गेला. चौथ्या कडव्यानंतरच, दर वेळी.

आईने तुम्हाला कधीही पत्र लिहिलेलं नाही. माझ्या लग्नाचंही नाही. ते मी लिहिलं होतं. तिच्यासमोर तुमचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला जाते, घासलेली असली तरी.

काल मी तुमचं न ऐकता तिला दोराचं सांगून टाकलं. वाटोळ्या ताटात शेंगा निवडत होती. हात थांबला. घाबरली नाही, रडली नाही. म्हणाली, "दोनच वाव गेला ना? तुझ्या मामाला विचार, त्या दोन ओळी कुठल्या."

विचारते आहे. भरतीला बावीस दिवस उरलेत. भेगेतून आता पलीकडचं पाणी दिसतं. तोंड मिटून बसायचं असेल तर तसं लिहा, म्हणजे मी पोस्टमनची वाट बघणार नाही.

बारकी

१६ जानेवारी

बारकी,

त्या कवितेला सात कडवी आहेत. तुला सहाच माहीत आहेत, कारण दाजी पाचवं म्हणत नसत. त्यांना ते येत होतं, पण म्हणायचे, "हे नको मास्तर. यात कोणीतरी गेलेलं आहे. पाण्यावर असलं म्हणू नये." गाळलेलं कडवं असं आहे:

थांब जराशी लाटे येथे, पाउल कोणी ठेवुन गेले
ओला अजुनी ठसा तयाचा, पाणी मागे वळून गेले

कवीचं नाव पुस्तकात नव्हतं. मला वाटायचं, अख्ख्या पुस्तकात याच्याइतकं सुंदर काही नाही. ते गाळलं की मला कोणाचा हात तोडल्यासारखं वाटायचं. दाजींशी मी यावरून कितीदा भांडलो.

त्या दिवशी मी होडीत होतो.

सुटीचा एक दिवस उरला होता म्हणून पहाटे घरी न जाता थेट धक्क्यावर आलो आणि त्यांच्याबरोबर गेलो. सकाळी दहाच्या सुमाराला धुकं उतरलं. आठ तांबोशी झाल्या होत्या आणि परत फिरायचं तर नांगर चिरेत अडकलेला. आमची रीत ठरलेली होती. दाजी कमरेला दोराचा फास अडकवून नांगराच्या दोराला धरून खाली जायचे. मी वर मोठ्याने कविता म्हणायची आणि शेवटची ओळ झाली की नांगर सुटो न सुटो, कमरेचा दोर ओढायचा. "माझा श्वास सहा कडव्यांचा आहे," त्यांनी कितीदा सांगितलं होतं. याआधी मी बारा-पंधरा वेळा तरी सहाच म्हणून त्यांना वर काढलं होतं.

त्या आठवड्यात कॉलेजच्या संमेलनात मी ती कविता म्हटली होती, सगळी. टाळ्या पडल्या होत्या. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. पांढऱ्या पडद्यासमोर उभं राहावं तसा मी होडीत उभा होतो आणि माझा आवाज मलाच फार चांगला ऐकू येत होता. चौथं कडवं संपलं आणि मी पाचवं म्हटलं. घाईने नाही, चांगलं गळा लावून म्हटलं. शेवटच्या शब्दावर आवाज खाली आणला, शिकवला होता तसा. सहावं सुरू केलं तेव्हा आपण काय केलं ते लक्षात आलं. तरी वेड्यासारखा मी ओळी संपवत होतो. ओळी संपल्याशिवाय ओढायचं नाही, हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं.

दोर हलका आला. फास होता तसा होता. गाठ सुटली नव्हती, ओढली गेली नव्हती. आत माणूस नव्हता.

मी दुपारपर्यंत हाका मारल्या. मग नांगराचा दोर कापला, होडी खडकांपाशी आणली आणि ओहोटीला सोडून दिली. ओल्या कपड्यांनी मागच्या वाटेने कॉलेज गाठलं. तीन दिवसांनी निरोप आला म्हणून मी आलो. ताईने दारातच विचारलं, "तू होतास?" मी नाही म्हणालो. एवढा एक शब्द. त्याच्यावर अठ्ठेचाळीस वर्षं बसून आहे.

त्या दोन वावांचं मला तुझं पत्र वाचतानाच कळलं होतं.

हे ताईला वाचून दाखव.

मामा

२१ जानेवारी

मामा,

तुम्हाला शिव्या द्यायच्या म्हणून तीनदा कागद घेतला. जमलं नाही. त्या नंतर केव्हातरी देईन, त्या बुडणार नाहीत.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती, पाठमोरी. संपल्यावर म्हणाली, "ऐकलं होतं मी."

मी म्हटलं, काय ऐकलं होतंस?

"पायरीवर कपडे पिळत होते. धुक्यात आवाज लांबचा राहत नाही, बाजूच्या खोलीतून यावा तसा येतो. चौथं कडवं झालं आणि तो पाचव्याला लागला. मी इथून ओरडले, नको म्हणून. दोनदा ओरडले. तो रंगात आला होता. पोचलं नसेल."

मीच विचारलं, मग इतकी वर्षं कोणाची वाट बघत होतीस?

"ह्यांची कशाला बघू? ह्यांचं काय झालं ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की होतो मी. यायचं ते आलं आता. माझी पिशवी भर."

मामा, मी जन्मभर तिला चुकीचं समजत आले. तुम्हीही.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, जा आणि सगळं म्हणून ये. सातही. मी गेले. ते गाळलेलं कडवं कागदावर लिहून नेलं होतं. पाचव्या कडव्याला दोर माझ्या आवाजाबरोबर गेला, सरळ, एकही क्षण मागे-पुढे न होता. सातव्याची शेवटची ओळ झाली आणि मी ओढला. जड होता. हिसडे नाहीत, पण असा जड की दोन्ही पाय फळीला रोवावे लागले. चार वाव उरले असताना एकदम हलका झाला. वर आल्या त्या गळाला दोन तांबोशी. बऱ्या होत्या, पण त्यांचं ते वजन नव्हतं.

माझ्या होडीला बाहेरून पांढरा पट्टा आहे. मी आणि दोन मासे, एवढ्यावर तो पाण्याच्या वर वीतभर राहतो. परत येताना तो पाण्याखाली होता. पुढच्या बाजूने होडी दबली होती, समोरच्या फळीवर कोणी बसलं की दबते तशी. मी पूर्ण वाट तिकडे बघितलं नाही. कविताही म्हटली नाही. नुसती वल्हवत राहिले.

धक्क्यावर आई उभी होती. अठ्ठेचाळीस वर्षांत धक्क्यावर आलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. पायात माझे जुने बूट होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या पुढ्यातल्या फळीकडे बघत होती. म्हणाली, "चला." आणि होडी माझ्या पायाखाली वीतभर वर आली.

आई मला अहोजाहो करत नाही, मामा.

उद्या तिला माझ्या घरी हलवते. भिंत अजून उभी आहे. शांत आहे ती. जेवायला दोन पानं घेऊन बसते आणि मी विचारत नाही.

बारकी

२५ जानेवारी, दुपारी

चि. बारकी,

तुझं पत्र काल मिळालं. ताई ओरडली होती, हे वाचल्यापासून मी दुसरं काही वाचू शकलेलो नाही. त्या दिवशी मला एक पक्षी ओरडल्यासारखा वाटला होता. दोनदा. मी त्याच्यासाठी आवाज थोडा चढवला होता.

चाळीस वर्षं मी ती कविता वर्गात शिकवली, सातही कडवी. पाचव्याला मुलांकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहायचो. मुलांना वाटायचं, मास्तर हळवे आहेत.

मी येतो आहे. २७ तारखेला निघेन, म्हणजे भरतीच्या आधी पोचेन. ताईच्या समोर उभा राहून "होतो" म्हणेन. कागदावर लिहिलेलं आणि तोंडाने म्हटलेलं एक नव्हे, हे मास्तरला तरी कळायला हवं. तिने दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहीन. मला एखादी जाड

इथे लिहिता लिहिता थांबलो. जिन्यावर पावलं वाजली. तीन मजले आहेत आणि भर दुपारी सहसा कोणी येत नाही. पोस्टमन खालीच पत्र ठेवतो. घरमालकीण आली तर आधी बडबड वर येते, मग ती. हे कोणी गुडघ्यावर हात ठेवत चढत होतं.

बारकी, ताई आली आहे.

एक कापडी पिशवी आणि तुझे बूट. मी तिला ओळखायच्या आधी ती म्हणाली, "बाळ्या, पाणी दे." मी पाणी दिलं. निम्मं तिच्या हातावर सांडलं. मी "होतो" म्हणालो. तिने मान हलवली, म्हणजे तेवढं झालं असं. खुर्चीत बसली. विचारलं, बारकीला सांगून आलीस का. म्हणाली, "ती होडीवर गेली होती. चिठ्ठी ठेवली आहे चुलीपाशी." दोन दिवसांचा प्रवास एकटीने कसा केलास, म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी पाढा चुकलो की बघायची.

मी दार लावायला उठलो. गार वारा येत होता.

"लावू नकोस," ती म्हणाली. "हे मागून येताहेत. जिने चढायची सवय नाही त्यांना."

मी परत खाली बसलो आणि हे लिहितो आहे. लिहीत राहिलो तर दाराकडे बघावं लागत नाही. ताई निवांत पाणी पिते आहे. जिन्यात कोणीतरी आहे. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग पुन्हा दोन. दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ दम खाल्ला. खालच्या बिऱ्हाडातली बाई कोणाला तरी म्हणाली, की जिना कोणी ओला केला. आता तिसऱ्याला लागले आहेत.

ताईने पेला खाली ठेवला आणि केस सारखे केले.

"ऊठ," ती म्हणते आहे. "या म्हण त्यांना."